कालकेय प्रभाकर : राक्षसाच्या नावाने ओळखला जाणारा नट

तेलुगू मनोरंजनसृष्टीत प्रभाकर नावाचे कलाकार एकाहून अधिक आहेत. दूरचित्रवाणी मालिकांतून घरोघरी पोहोचलेले एक प्रभाकर वाहिनीच्या नावावरून ‘ईटीव्ही प्रभाकर’ म्हणून ओळखले जातात. दुसऱ्यांच्या नावाआधी एका राक्षसकुळाचे नाव लागते. १० जुलै २०१५ रोजी प्रदर्शित झालेल्या ‘बाहुबली : द बिगिनिंग’ या चित्रपटात माहिष्मतीवर चाल करून येणारा कालकेयांचा राजा इन्कोशी ज्यांनी रंगवला, ते हे कालकेय प्रभाकर. पडद्यावर त्यांचा वावर मुख्यतः एका युद्धप्रसंगापुरता आहे आणि त्यांच्या तोंडचे एकही वाक्य प्रेक्षकाला कळत नाही. तरीही त्या तेवढ्या अवधीने त्यांना जे नाव दिले, ते आधीच्या अनेक भूमिकांना देता आले नव्हते.

प्रभाकर मूळचे कोडंगल परिसरातले. हा भाग पूर्वी महबूबनगर जिल्ह्यात होता. कोडंगल आता तेलंगणातील विकाराबाद जिल्ह्यात मोडते. महबूबनगरचे जुने नाव पालमूर. मुंबई-पुण्याच्या बांधकामांवर राबणाऱ्या पालमुरी मजुरांमुळे हे नाव महाराष्ट्रालाही अनोळखी नाही. पोट भरण्यासाठी गाव सोडणे हा तिथला शिरस्ताच. प्रभाकरही त्याच वाटेने हैदराबादला आले. त्यांनी मुलाखतींमधून सांगितल्यानुसार रेल्वे पोलिसांत नोकरी मिळेल या आशेवर ते शहरात आले, ती नोकरी काही मिळाली नाही आणि पुढची कित्येक वर्षे ठोस काम न मिळताच गेली. अभिनय हा त्यांचा ध्यास नव्हता. धिप्पाड देहयष्टी हेच त्यांचे भांडवल होते.

‘मगधीरा’च्या (२००९) निर्मितीच्या काळात ही देहयष्टी दिग्दर्शक एस. एस. राजामौली यांच्या नजरेत भरली. त्यांनी पुढच्याच ‘मर्यादा रामण्णा’ (२०१०) या चित्रपटात प्रभाकर यांना संधी दिली; परंतु त्याआधी अभिनयाचे रीतसर शिक्षण घ्यायला लावले. ही गोष्ट महत्त्वाची आहे. आडदांड माणूस कॅमेऱ्यासमोर नुसता उभा केला तरी खलनायकाचा हस्तक म्हणून खपून जातो. तेलुगू चित्रपटांत अशी माणसे शेकड्यांनी दिसतात. राजामौलींना त्यापलीकडचे काही हवे होते, असे म्हणावे लागते. पुढे ‘दूकुडू’ (२०११), ‘गब्बर सिंग’ (२०१२) अशा गाजलेल्या चित्रपटांत प्रभाकर दिसले. मात्र चेहरा ओळखीचा आणि नाव ठाऊक नाही, ही सहाय्यक नटाची नेहमीची अवस्था त्यांच्याही वाट्याला आली.

‘बाहुबली’चे बरेचसे चित्रीकरण हैदराबादच्या वेशीवरील रामोजी फिल्म सिटीत झाले. कालकेय हे नाव मात्र चित्रपटकर्त्यांनी रचलेले नाही. महाभारताच्या वनपर्वात कालकेय हे समुद्राच्या तळाशी दडून बसणारे आणि रात्री बाहेर येऊन ऋषींचा संहार करणारे दानव आहेत. त्यांना उघडे पाडण्यासाठीच अगस्त्य मुनींनी समुद्र प्राशन केला, अशी कथा आहे. चित्रपटाने त्यातले केवळ नाव आणि भय उचलले, बाकी सारे नव्याने मांडले.

या नव्या मांडणीतील सर्वांत धाडसी भाग म्हणजे त्यांची भाषा. तामिळ गीतकार मदन कार्की यांनी कालकेयांसाठी ‘किलिकी’ ही भाषा घडवली. तिच्यात सुमारे ७५० शब्द आणि व्याकरणाचे ४० नियम असल्याचे त्या वेळी सांगण्यात आले होते. टाळूवर जीभ आपटून काढलेले ‘टक्क’ असे ध्वनी हे तिचे वैशिष्ट्य. तेलुगू आणि तामिळमध्ये एकाच वेळी चित्रित झालेला हा चित्रपट पुढे हिंदी व मल्याळममध्ये ध्वनिमुद्रित झाला. हिंदीत प्रभास यांच्या बाहुबलीला शरद केळकर यांनी आवाज दिला. किलिकीला मात्र भाषांतराची गरजच पडली नाही. ज्या भाषेचा अर्थ कोणालाच कळत नाही, ती सगळीकडे सारखीच पोहोचते. नटापुढचा पेच यातच आहे. शब्दांचा आधार नसताना इन्कोशीचा उपहास, माजोरीपणा आणि शिवगामीविषयी ओकलेले गरळ हे सारे प्रभाकर यांना स्वराचे चढउतार, डोळे आणि जबडा यांतूनच उभे करावे लागले. प्रेक्षकाला शब्द कळत नाहीत, पण अपमान झाला आहे हे नेमके कळते. शिक्षणाचा खर्च वसूल झाला तो इथे.

गोमंतकातील प्रेक्षकाला येथे दशावतारी कालातील संकासुर आठवावा. काळ्या वेषातला, तोंड झाकलेला हा असुर वेद चोरतो आणि शेवटी विष्णूच्या हातून मारला जातो. परंतु तो बोलतो मात्र गावच्याच बोलीत आणि समोरच्यांना हसवून सोडतो. आपल्या लोकरंगभूमीने असुराला गावकरी करून घेतले. ‘बाहुबली’ने त्याची भाषाच परकी केली, म्हणजे त्याच्याशी बोलण्याचा प्रश्नच मिटला.

यावर आक्षेपही घेतले गेले. कालकेयांचे काळेकुट्ट रंगवलेले देह आणि गौरवर्णी माहिष्मती ही विभागणी वर्णभेदाची आहे, अशी टीका झाली. ती दुर्लक्षिण्याजोगी नाही. रंगभूषेने चेहरा झाकलेल्या नटाला या वादात बाजू मांडायला फारशी जागा नसते, हेही खरे.

राक्षस रंगवणाऱ्या नटाचे नाव पुसले जाणे ही जुनी रीत आहे. १९३१ सालच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’च्या आरंभीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या भूमिकेपुढे बोरिस कार्लोफ यांच्या नावाऐवजी निव्वळ प्रश्नचिन्ह होते. रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’मधील (१९८४) सामरी रंगवणारे अनिरुद्ध अग्रवाल हे रूडकीला शिकलेले स्थापत्य अभियंता, पुढे ‘बँडिट क्वीन’मध्ये बाबू गुज्जर साकारूनही लोकांच्या लेखी ते सामरीच राहिले. प्रभाकर यांच्याबाबत उलटे घडले. राक्षसाने त्यांचे नाव खाल्ले नाही, त्याला जोड दिली.

पटकथेने मात्र इन्कोशीला दुय्यमच ठेवले आहे. जो त्याला मारील तो राजा, अशी पैज लागते. प्रत्यक्षात त्याला ठार करतो भल्लालदेव आणि सिंहासन जाहीर होते बाहुबलीच्या नावे, कारण त्याने ओलिसांचे प्राण वाचवलेले असतात.

पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, प्रभाकर ‘राइट राइट’ या चित्रपटात सुमंत अश्विन यांच्यासोबत झळकले. मल्याळम ‘ऑर्डिनरी’वर बेतलेल्या या चित्रपटात त्यांच्या वाट्याला आली ती डोंगरातल्या गावाकडे जाणाऱ्या सरकारी बसच्या चालकाची भूमिका. रंगभूषा साधी होती आणि संवाद सगळे तेलुगूत होते.