हाताला काम, पाठीवर हात



गावात एखाद्या पोरानं मोबाईल चोरला, दुकानाचं कुलूप तोडलं, की पारावर लगेच कुणीतरी म्हणतं, "टाका त्याला रिमांड होममध्ये, आपोआप सुधारेल." आज मला या 'आपोआप'विषयीच बोलायचंय. पोरं आपोआप सुधारत नाहीत. कुणीतरी त्यांच्या हाताला काम देतं आणि पाठीवर हात ठेवतं, तेव्हा सुधारतात. ही गोष्ट पटवण्यासाठी एका बाईनं उभं आयुष्य घातलं.

तिचं नाव मेरी कार्पेंटर. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातली शिक्षिका. जन्म १८०७ चा, लग्न केलं नाही. त्या काळी पाव चोरणारं पोर आणि मुरलेला दरोडेखोर एकाच तुरुंगात जात. पोर बाहेर यायचं ते चार नव्या खोडी शिकूनच. मेरीनं १८४६ मध्ये गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली होती. तुरुंग मुलांचं काय करतो, हे तिला दिसत होतं. तिनं त्यावर पुस्तक लिहिलं, पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. बाईला तेव्हा मताचा अधिकारसुद्धा नव्हता, हे लक्षात घ्या.

नुसतं बोलून ती थांबली नाही. १८५२ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवूडला तिनं सुधारशाळा उघडली. १८५४ मध्ये मुलींसाठी वेगळी शाळा काढली, तिचं नाव रेड लॉज. कवी बायरन यांच्या पत्नीनं त्यासाठी घर विकत घेऊन दिलं. तिथं मुली शिवण, धुणं, घरकाम शिकत आणि सोबत लिहायला-वाचायलाही. 

आता तुम्ही म्हणाल, तुरुंगातही काम होतंच की. चक्की पिसणं हे कामच. पण चक्की पिसून कैदी बाहेर आला, तर त्याच्या हाती काय राहिलं? काम शिक्षा म्हणून दिलं, की माणूस कामाचाच राग करायला लागतो. कसब म्हणून दिलं, की त्याला वाटतं, आपल्यालाही काही जमतं. मेरीचं म्हणणं होतं की मुलाला आधी मूल म्हणून वागवा. माया लागल्याशिवाय त्याचं मन वळत नाही.

१८५४ मध्ये तिकडे सुधारशाळांचा कायदा झाला. पण त्यात एक मेख होती. सुधारशाळेत जाण्याआधी मुलानं निदान १४ दिवस तुरुंगात काढायचे. मेरीनं याला कडाडून विरोध केला. ही अट गेली १८९९ मध्ये. तोवर तिला जाऊन २२ वर्षं झाली होती.

आपल्याकडे काय चाललं होतं? १८५० च्या कायद्यानं १० ते १८ वर्षांच्या गरीब आणि किरकोळ गुन्हा केलेल्या मुलांना कारागिराच्या हाताखाली उमेदवार म्हणून ठेवता येऊ लागलं. १८५७ मध्ये मुंबईत डेव्हिड ससून यांच्या नावानं सुधारशाळा निघाली. हे ससून बगदादहून आलेले ज्यू व्यापारी. ही संस्था आज माहीमला आहे.

१८६६ मध्ये, वयाच्या ५९ व्या वर्षी, मेरीबाई बोटीनं हिंदुस्थानात आल्या. राजा राममोहन रॉय आयुष्याच्या अखेरीस ब्रिस्टलला होते, तेव्हापासून त्यांना या देशाची ओढ होती. पुढे आणखी तीनदा आल्या. मुलींचं शिक्षण, तुरुंगांची सुधारणा आणि सुधारशाळा, हे विषय त्यांनी इथल्या सरकारपुढे लावून धरले. १८७६ मध्ये सुधारशाळांचा कायदा झाला, १८९७ मध्ये तो नव्यानं आला.

त्या १८९७ च्या कायद्यातल्या दोन गोष्टी सांगते. पहिली चांगली. सुधारशाळेत धंदेशिक्षणाची सोय हवीच, असं त्यात लिहिलं होतं. मुलगा १४ वर्षांचा झाला, की भरवशाच्या मालकाकडे त्याला कामाला ठेवता येई. मालकानं छळ केला तर परवाना रद्द. दुसरी गोष्ट मात्र टोचणारी. हा कायदा फक्त मुलग्यांसाठी होता. मुलींचा त्यात विचारच नव्हता. आणि ज्या बाईनं हा विषय लावून धरला, तिनं तर मुलींसाठी आधीच वेगळी शाळा काढून दाखवली होती!

मुंबई इलाख्यात १९२४ मध्ये बालकांचा कायदा झाला, त्यात मुलगेही आले आणि मुलीही. १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटी स्थापन झाली. टिळक आणि आगरकर १८८२ मध्ये १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात होते, ते तुम्ही ऐकलं असेल. त्याच जुन्या तुरुंगाच्या जागी पुढे मुलांचं निरीक्षणगृह झालं. पण तुरुंगाची पाटी बदलली म्हणून तुरुंग बदलत नाही. आत सुताराचा रंधा चालतो का, शिवणाचं यंत्र चालतं का, मास्तर मुलाला नावानं हाक मारतात का, हे बघावं लागतं.

आज २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. १८ वर्षांखालच्या मुलाचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. तिथं एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात, त्यातली निदान एक बाई असावीच लागते. अशा मुलाचं नाव किंवा ओळख छापायला, रेडिओवर सांगायला बंदी आहे. गंभीर गुन्ह्यांचे काही अपवाद सोडले, तर जुन्या गुन्ह्यापायी त्याची पुढची नोकरी अडवता येत नाही.

कागदावर हे सगळं आहे. पण पोर शेवटी परत येतं ते आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत. सहा महिने सुतारकाम शिकून आलेल्या पोराला गावात कुणी उंबऱ्यावर उभं केलं नाही, तर त्या शिक्षणाचं काय करायचं? पावणेदोनशे वर्षांची मेहनत तिथं वाया जाते.

म्हणून बायांनो, एक मागणं आहे. तुमच्या गटात कुणाची पिठाची गिरणी असेल, कुणाचं शिलाईचं दुकान, कुणाचा नवरा गवंडी असेल. असं पोर परत आलं आणि कामाच्या वयाचं असेल, तर त्याला एकदा काम देऊन बघा. वय लहान असेल, तर शाळेत परत घालायला त्याच्या आईसोबत जा. अडचण आली तर १०९८ वर फोन करा, जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात विचारा. आणि त्याच्या आईला हळदीकुंकवाला बोलवायला विसरू नका. पोराच्या चुकीची शिक्षा सगळ्यात जास्त तीच भोगत असते.

येते. नमस्कार.