आठवीच्या वर्गातली अमेरिका

सप्टेंबरात आमच्या मिडल स्कूलमध्ये पालकांची एक संध्याकाळ असते. पालकांनी मुलांच्या वेळापत्रकाप्रमाणे घंटेसरशी एका वर्गातून दुसऱ्या वर्गात जायचं, आणि प्रत्येक शिक्षकाच्या वाट्याला दहा मिनिटं. मी न्यू जर्सीत, एडिसनच्या जवळ, आठवीला अमेरिकेचा इतिहास शिकवते. तेरा वर्षांच्या मुलांच्या बाकांत गुडघे दुमडून बसलेले आईवडील, ऑफिसातून थेट आलेले, गळ्यात ओळखपत्र तसंच. तेलुगू, गुजराती, मराठी घरं बरीच; शिवाय डोमिनिकन आणि इजिप्शियनही. गृहपाठ, चाचण्या, गुण यांतच दहा मिनिटं संपतात. विषयाबद्दल बोलायचं राहून जातं, आणि नेमकं तेच मला सांगायचं असतं.

गेल्या वर्षी एका बाबांनी अगदी रास्त प्रश्न विचारला. “मॅडम, पाचवीत झाला, आता आठवीत, पुन्हा हायस्कूलला. तोच इतिहास किती वेळा?”

उत्तर या अभ्यासक्रमाच्या जन्मात आहे. 1827 मध्ये मॅसॅच्युसेट्सने कायदा केला की पाचशे कुटुंबांच्या गावात हायस्कूल हवं आणि तिथे बीजगणित, हिशेबनिशी, जमीनमोजणी यांच्याबरोबर अमेरिकेचा इतिहासही शिकवला जावा. देश तेव्हा जेमतेम पन्नास वर्षांचा. पुढच्याच वर्षी एमा विलर्ड यांचं या विषयाचं पाठ्यपुस्तक आलं. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावी मुलींची शाळा काढणाऱ्या या बाईंनी पुस्तकाबरोबर नकाशेही दिले. त्यांतला पहिला मी मुलांना दरवर्षी दाखवते. त्यात मूळ रहिवाशांच्या जमाती आणि त्यांच्या स्थलांतराच्या वाटा आहेत, पण तो ‘प्रास्ताविक’ नकाशा आहे. सनावळी त्याच्यानंतर सुरू होते. म्हणजे ती माणसं इतिहासाच्या उंबऱ्याबाहेर उभी. आमच्या गावांची आणि नद्यांची निम्मी नावं लेनापी लोकांच्या भाषेतली. रॅरिटन, पसेइक, मटचन. मुलं ती नावं रोज बसच्या पाटीवर वाचतात.

आणि आठवीतच का? कारण एकोणिसाव्या शतकात बहुतेक मुलांची शाळा आठवीला, किंवा त्याआधीच, संपायची. पुढे शेत, गिरणी नाहीतर दुकान. देशाची गोष्ट सांगायची ती शेवटची संधी. 1909 मध्ये ओहायोतल्या कोलंबसला पहिली ज्युनियर हायस्कूल निघाली, 1960 नंतर तिची मिडल स्कूल होऊ लागली. हायस्कूल सगळ्यांना खुलं झालं तरी आठवीतला इतिहास जागचा हलला नाही. मला ते योग्यच वाटतं. तेरा वर्षांच्या मुलाला अन्याय कडकडून लागतो. सोळाव्या वर्षी तो गुणांकडे बघू लागतो.

तर हा विषय पुन्हा येतो, पण गोष्ट तीच राहत नाही. पाचवीत बोस्टनच्या बंदरात चहा बुडवल्याचं कळतं. आठवीत कळतं की 1773 सालच्या त्या 342 पेट्या ईस्ट इंडिया कंपनीच्या होत्या, म्हणजे आपल्या ओळखीच्या त्याच कंपनीच्या. 1781 साली ज्याच्या फौजेने यॉर्कटाउनला वॉशिंग्टनपुढे शस्त्रं ठेवली, तो कॉर्नवॉलिस पाच वर्षांत गव्हर्नर जनरल होऊन भारतात आला आणि टिपूवर चालून गेला, तेव्हा हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन त्याच्या बरोबरीने होते. हे सांगितलं की मागच्या बाकावरचं एखादं मराठी पोर मान वर करतं.

पण मी सर्वांत जास्त दिवस घालवते ते न्यू जर्सीवर. ‘गुलामगिरी म्हणजे दक्षिणेची गोष्ट’ ही समजूत पालकांचीही असते. आमच्या राज्याने 1804 मध्ये ती टप्प्याटप्प्याने बंद करायचा कायदा केला. त्याचा मजकूर मी फळ्यावर लिहिते आणि मुलांना हिशेब करायला लावते. 4 जुलै 1804 नंतर गुलाम आईच्या पोटी जन्मलेलं मूल स्वतंत्र, पण मुलगी असेल तर वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत आणि मुलगा असेल तर पंचविसाव्या वर्षापर्यंत आईच्या मालकाकडे राबायचं. मुलं वहीत मांडतात: जन्म 5 जुलै, मुलगा, सुटका 1829. मग कुणीतरी विचारतं, “आणि त्याच्या आईचं काय?” कायद्यात आईसाठी काहीही नाही. वर्ग गप्प होतो, आणि ती शांतता मी मोडत नाही. 1860 च्या जनगणनेतही आमच्या राज्यात अठरा गुलाम नोंदले आहेत.

याच न्यू जर्सीच्या 1776 च्या घटनेत मतदाराची अट होती पन्नास पौंडांची मालमत्ता. पुरुष असावा, गोरा असावा, असं लिहिलेलं नव्हतं. त्यामुळे विधवा आणि अविवाहित बाया, स्वतंत्र काळी माणसं मत देत होती. 1807 मध्ये विधिमंडळाने ते काढून घेतलं, फक्त गोऱ्या करदात्या पुरुषांना ठेवलं. हक्क एकदा मिळाला की कायमचा मिळाला असं नसतं, हे मुलांना इथे पहिल्यांदा उमगतं.

आणि मग थॉमस मंडी पीटरसन. शाळेपासून गाडीने फार लांब नाही, पर्थ अ‍ॅम्बॉयला. हे एके काळी गुलाम उतरवायचं बंदर. वर्णामुळे मताचा हक्क नाकारता येणार नाही, ही पंधरावी घटनादुरुस्ती अंमलात आली, आणि 31 मार्च 1870 ला शहराच्या सनदेवर मतदान होतं. पीटरसन हा तिथल्या शाळेचा झाडलोट आणि डागडुजी करणारा माणूस, आजच्या शब्दांत कस्टोडियन. त्याने जाऊन मत दिलं. त्या दुरुस्तीखाली मत देणारा तो देशातला पहिला काळा माणूस. पुढे सनद सुधारण्याच्या समितीतही त्याला घेतलं. 1884 मध्ये गावाने वर्गणी काढून त्याला सोन्याचं पदक दिलं, त्यावर लिंकनचा चेहरा. हा धडा झाला की मुलं आमच्या शाळेच्या कस्टोडियनकडे वेगळ्या नजरेने बघतात, त्यांना नावाने हाक मारतात.

त्या संध्याकाळी मी हेच भरभर सांगत होते. घंटा झाली, सगळे उठले, पण मागे एक आजी बसूनच राहिल्या. साताऱ्याकडच्या, नातीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या. म्हणाल्या, “बाई, फुल्यांनी पुस्तक अर्पण केलं होतं ना हितल्या लोकांना?”

केलं होतं. 1873 सालचं ‘गुलामगिरी’ जोतीरावांनी अमेरिकेतल्या त्या सज्जनांना अर्पण केलं, ज्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली. पीटरसनच्या मतानंतर अवघ्या तीन वर्षांनी. एमएला मी हे पुस्तक वाचलं होतं आणि इतकी वर्षं वर्गात त्याचा उल्लेखही केला नव्हता, याची मला त्या क्षणी फार खंत वाटली. आता भिंतीवरच्या कालरेषेत 1870 च्या शेजारी 1873 आहे, पुणे असं लिहून.

त्या रेषेवर पुढे काय आहे हेही मुलांना पाहू देते. 1877 मध्ये दक्षिणेतून सैन्याचा आधार निघाला आणि काळ्या मतदारांचा हक्क दहशतीने, करांनी, खोट्या परीक्षांनी हिरावला गेला. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना सांगितलं की ते ‘गोरे’ नाहीत, म्हणून नागरिक होऊ शकत नाहीत. अमेरिकन सैन्यात नोकरी केलेला माणूस. मग 1965: ऑगस्टमध्ये मताधिकाराचा कायदा, ऑक्टोबरमध्ये जन्मदेशावरून कोटा ठरवणारी पद्धत मोडणारा स्थलांतराचा कायदा. त्याच काँग्रेसचे, त्याच राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या सहीचे. मताधिकारासाठी सेल्माच्या पुलावर ज्यांनी लाठ्या खाल्ल्या त्यांनी देशाला लाज वाटायला लावली नसती, तर दुसरा कायदा झाला असता असं मला वाटत नाही. बाकांत गुडघे दुमडून बसलेले बहुतेक आईवडील त्या दुसऱ्या कायद्याच्या दारातून आले आहेत. त्या बाबांच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर हे होतं, आणि तोवर ते पुढच्या तासाला, गणिताला, निघून गेले होते.

मार्चअखेर आम्ही पर्थ अ‍ॅम्बॉयला सेंट पीटर्स चर्चच्या आवारात गेलो. पीटरसन तिथे पुरला आहे. वारा खाडीवरून येत होता, गवत ओलं होतं. आजी तेव्हा परत गेल्या होत्या. नातीने माझी परवानगी घेऊन व्हिडिओ कॉल लावला. इथे सकाळचे अकरा, तिकडे रात्रीचे साडेआठ. तिने फोन दगडासमोर धरला.

“हलवू नकोस गं,” आजी म्हणाल्या. “जरा जवळ धर. नाव वाचू दे मला.”