सरकारविरुद्धचं अपील कुणापुढे?

बाबांची सेवाज्येष्ठतेची केस ‘मॅट’मध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात होती, तेव्हा मी शाळेत होते. तारखेहून परतले की ते म्हणायचे, “समोर सरकार असलं की आधी बघावं, निवाडा करणाऱ्याला खुर्ची कुणी दिली.” मला तो नुसता वैताग वाटायचा. अलीकडे अमेरिकेतल्या टेक्सस राज्याच्या पंधराव्या अपील न्यायालयाबद्दल वाचताना ते वाक्य पुन्हा आठवलं.

१८९१च्या घटनादुरुस्तीनंतर टेक्ससमध्ये दिवाणी अपिलांसाठी तीन न्यायालयं सुरू झाली: गॅल्व्हेस्टन, फोर्ट वर्थ आणि ऑस्टिन. वाढत वाढत १९६७मध्ये ती चौदा झाली. प्रत्येकाच्या वाट्याला ठरावीक काउंट्या, आणि न्यायाधीश तिथल्याच मतदारांनी निवडलेले. हो, तिथे न्यायाधीश चक्क पक्षाच्या तिकिटावर निवडणूक लढवतात.

ऑस्टिन ही राजधानी. त्यामुळे सरकारवरचे बरेच दावे तिथेच दाखल होत आणि त्यांची अपिलं ऑस्टिनच्या तिसऱ्या न्यायालयात जात. या न्यायालयाचे मतदार चोवीस काउंट्यांतले. २०१८च्या निवडणुकीत तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं बहुमत झालं. विधिमंडळ आणि गव्हर्नर मात्र रिपब्लिकन. ठिणगी पडायला एवढं पुरेसं होतं.

२०२३मध्ये विधिमंडळाने कायदा केला: राज्य सरकार पक्षकार असलेली बहुतेक दिवाणी अपिलं यापुढे नव्या, राज्यभर अधिकार असलेल्या न्यायालयात जातील. समर्थक म्हणाले, कायदा साऱ्या राज्याला लागू होतो, मग त्याचा अर्थ चोवीस काउंट्यांनी निवडलेल्यांनीच का लावायचा? विरोधक म्हणाले, निकाल आवडेनात म्हणून तुम्ही पंचच बदलताय. टेक्ससमध्ये १९९४नंतर राज्यभराच्या मतदानात एकही डेमोक्रॅट जिंकलेला नाही, हे दोन्ही बाजूंना ठाऊक होतं. शिवाय पहिले तीन न्यायाधीश निवडून येणार नव्हते, गव्हर्नर ग्रेग अ‍ॅबट त्यांना नेमणार होते.

या वादात सापडलेला एक खटला मला विसरता येत नाही. मानसिक आजारामुळे खटल्याला सामोरं जायला असमर्थ ठरलेले कैदी सरकारी रुग्णालयात जागा नाही म्हणून डॅलसच्या तुरुंगात पडून राहतात, अशी तक्रार घेऊन डॅलस काउंटी आणि तिथल्या शेरीफ राज्याच्या अधिकाऱ्यांविरुद्ध कोर्टात गेल्या होत्या. अपील तिसऱ्या न्यायालयात होतं, नव्या कायद्यामुळे ते पंधराव्याकडे जाणार होतं. काउंटीने थेट टेक्ससच्या सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. राज्यघटना सांगते की अपील न्यायालयांसाठी राज्याची विभागणी करावी. मग अख्खं राज्य म्हणजे एक विभाग, ही कसली विभागणी?

२३ ऑगस्ट २०२४ला निकाल आला: नवं न्यायालय घटनेत बसतं. १ सप्टेंबरला ते सुरू झालं.

आपल्याकडेही असा प्रश्न आला होता. १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने सरकारी नोकरांच्या तंट्यांसाठी वेगळ्या न्यायाधिकरणांची वाट उघडली, १९८५मध्ये कायदा झाला, १९९१मध्ये ‘मॅट’ आलं. उच्च न्यायालयाचं दार मात्र बंद झालं होतं. १९९७मध्ये एल. चंद्रकुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सांगितलं: न्यायाधिकरणं राहू देत, पण ते दार बंद करता येणार नाही.

टेक्ससमध्येही वर सर्वोच्च न्यायालय आहे, पण तिथले नऊ न्यायाधीशही राज्यभराच्या त्याच मतांवर निवडून येतात. म्हणजे वरचं दार उघडं आहे, पण आत बसलेल्यांना खुर्ची त्याच हातांनी दिलेली.

वेगळं न्यायालय काढण्यात गैर काही नाही. विषयाची जाण वाढते, निकालांत एकसारखेपणा येतो. पण ते घटनेत बसतं म्हणून पक्षकाराचा विश्वास आपोआप बसत नाही. बाबा ‘मॅट’मध्ये हरले. तरी निकालाचे कागद घडी घालून पिशवीत ठेवताना म्हणाले, “हायकोर्ट आहे अजून.” तुरुंगात खाटेची वाट बघणाऱ्या त्या माणसांच्या घरच्यांना असं कुणाचं नाव घेता येत असेल?