चिमूटभर वनस्पतींनी शेणखत सुधारतं का? 'सीपीपी' खताची पद्धत आणि खरी माहिती

उकिरड्यात वर्षभर शेण, गोठ्यातला काडीकचरा पडत असतो. मृगाच्या तोंडावर उपसायला जावं तर निम्मं खत कच्चंच निघतं. असं खत रानात गेलं की सोबत हुमणीच्या अळ्या आणि तणाचं बी पण जातं. त्यामुळेच बायोडायनॅमिक पद्धतीतल्या 'सीपीपी' म्हणजेच काऊ पॅट पिट खताची चर्चा सेंद्रिय शेती करणाऱ्यांत होत असते.

ही पद्धत मूळची युरोपातली. रुडॉल्फ स्टायनर यांनी १९२४ मध्ये कोबरविट्झ (आता पोलंडमध्ये) इथं शेतीवर व्याख्यानं दिली, त्यातून ती सुरू झाली. खताच्या ढिगात घालायच्या सहा मात्रांना ५०२ ते ५०७ असे नंबर आहेत. त्या यारो, कॅमोमाइल, नेटल, ओकची साल, डँडेलियन आणि व्हॅलेरियन यांपासून बनतात. या थंड हवेतल्या वनस्पती, आपल्या बांधावर मिळत नाहीत. त्यामुळे मात्रा विकतच आणाव्या लागतात.

सीपीपीसाठी साधारण ३ फूट लांब, २ फूट रुंद, १ फूट खोल खड्डा घेतात. कडेने विटा लावतात, तळ मात्र मातीचाच ठेवतात. त्यात ६० किलो ताजं शेण, सुमारे २०० ग्रॅम अंड्याच्या टरफलांची पूड आणि तेवढीच काळ्या दगडाची भुकटी चांगली मळून भरतात. दाबून भरायचं नाही, हवा खेळली पाहिजे. मग शेणात बोटानं भोकं पाडून पहिल्या पाच मात्रा ठेवायच्या, व्हॅलेरियनचा रस पाण्यात ढवळून वरून शिंपडायचा आणि ओलं गोणपाट झाकायचं. खड्डा सावलीत हवा. महिन्याने शेण हलवून घ्यायचं. तीन-चार महिन्यांत शेणाचा वास जाऊन काळसर, मऊ खत होतं. एकरी १ किलो खत ४० लिटर पाण्यात ढवळून संध्याकाळी ओल्या जमिनीवर शिंपडतात.

आता फायदा किती? अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या संशोधकांनी २००० साली निकाल मांडले. मात्रा घातलेले ढीग आठ आठवडे सरासरी ३.४ अंश सेल्सिअसने जास्त गरम राहिले, आणि तयार खतात नायट्रेट ६५ टक्के जास्त निघालं. म्हणजे कुजण्यावर परिणाम दिसला. जमिनीत मात्र तसा फरक दिसला नाही. साधं कंपोस्ट असो की बायोडायनॅमिक, दोन्हींनी मातीतले जीवाणू रासायनिक खतापेक्षा जास्त वाढवले. दोघांत फारसं अंतर नव्हतं.

हिशेबही साधा आहे. एकरी १ किलो खतातून पिकाला नत्र, स्फुरद, पालाश मिळणार ते नावापुरतंच. सीपीपी म्हणजे विरजण समजा, दूध नव्हे. ते टाकलं म्हणून शेणखताच्या गाड्या बंद करून चालत नाही. चंद्र-नक्षत्रांच्या तारखा ज्याला पाळायच्या त्यानं पाळाव्यात, पण ढिगात ओल नसेल तर कुठलीही तिथी खत कुजवत नाही. मूठभर खत दाबलं की हात ओला व्हावा, पाणी गळू नये, एवढी ओल लागते.

मात्रा महाग वाटत असतील तर आधी घरीच पारखा. एकाच दिवशी, सारख्याच शेणाचे दोन ढीग लावा, एकात मात्रा घाला, दोन्ही सारखेच भिजवा आणि पलटा. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवा. काढल्यावर कुठली जास्त गरम लागते ते आठवड्याला वहीत लिहा. दोन महिन्यांनी दोन्ही खतांचे नमुने प्रयोगशाळेत तपासून घ्या आणि मगच पुढच्या मात्रा मागवा.