भिंतीवरची नावे

कलेचा इतिहास लिहिणाऱ्यांची दृष्टी सहसा लेण्यांवर, मंदिरांच्या शिल्पांवर आणि सरदारांच्या वाड्यांतील भित्तिचित्रांवर स्थिरावते. सामान्य माणसाच्या घरातील भिंतीकडे ती क्वचितच वळते. वस्तुतः चार पैशांत, हाताशी असेल त्या साहित्याने आणि आपल्या माणसांसाठी म्हणून घरोघर जी चित्रे झाली, त्यांनाही इतिहास आहे. तो बीड जिल्ह्यातील नारायणगडाच्या पंचक्रोशीपासून पाहावा, असे आम्हांस वाटते.

नगद नारायण महाराजांचे हे स्थान वारकऱ्यांत 'धाकटी पंढरी' म्हणून ओळखले जाते. गडाला येणाऱ्या भाविकाच्या घरी विठ्ठलाची तसबीर असते, हे वेगळे सांगायला नको. पण तसबीर येण्यापूर्वीही भिंत मुकी नव्हती. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांत सणासुदीपूर्वी भिंती पांढऱ्या मातीने पोतारल्या जात. नागपंचमीला तिच्यावर नाग उमटे. लग्नघराच्या दाराशी गणपती, हत्ती, भालदार-चोपदार येत आणि त्यांच्याजवळ वधूवरांची नावे व विवाहाची तिथी. रंग म्हणजे गेरू, चुना, हळद, नीळ. कुंचला म्हणजे काडीला गुंडाळलेली चिंधी. पुढच्या पोताऱ्यात हे सारे पुसले जाई. अक्षर ओळखणाऱ्या घरात मात्र तोवर ती भिंत त्या कुटुंबाची बखरच असे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या भिंतीवर छापील चित्र आले. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात चित्रशाळा काढली. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे मळवलीला गेला. शिळाप्रेसच्या या चित्रांनी देव स्वस्त केला, अशी टीका अभिजनांनी पुष्कळ केली आहे. आम्हांस तिची दुसरी बाजू अधिक महत्त्वाची वाटते. पंढरपूरच्या मंदिराचे दार अस्पृश्यांसाठी उघडायला १९४७ साली साने गुरुजींना प्राणांतिक उपोषण करावे लागले. छापील चित्राने खरेदीदाराची जात विचारली नव्हती.

शिवाय छापील चित्र घरात आले म्हणून घरचा हात थांबला नाही. रविवर्म्यांच्या छापील लक्ष्मी-सरस्वतींना बायकांनी जरीची वस्त्रे शिवली, टिकल्यांचे दागिने चढवले, मणी लावले. अशी सजवलेली चित्रे आज संग्राहकांकडे जपलेली आढळतात. छापखान्यातून एकसारख्या हजारो निघालेल्या देवीला त्या घरापुरते वेगळे रूप मिळाले. मूळ चित्रकाराचे नाव सर्वांना ठाऊक आहे. जर लावणारीचे कोणालाच नाही.

हाच न्याय वारली चित्रांनाही लागला. लग्नाचा चौक लिहिण्याचा मान परंपरेने सुवासिनींचा. तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने, झोपडीच्या भिंतीवर तो लिहिला जाई. १९७० च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ही चित्रे कागदावर आली, आणि २०११ साली जिव्या सोमा मशे यांना पद्मश्री मिळाली. मशे थोरच होते. तरीही कागदावर येताच चित्राला स्वाक्षरी आणि किंमत मिळाली, ती भिंतीवर असताना मिळाली नव्हती, हे विसरता येत नाही.

मराठवाड्यातील स्त्रीने आपली स्वाक्षरी निराळ्या वाटेने केली. रुखवतात मांडण्यासाठी मुली कापडावर टाक्यांनी मोर, पोपटांची जोडी, 'सुस्वागतम्' भरत. मण्यांचा गणपती करत. काच बसवून तसबीर सासरी नेत. तिच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत 'कु.' लिहून माहेरचे नाव असे. लग्नात आडनाव बदले, पुष्कळदा पाळण्यातले नावही बदले. शेतजमिनीच्या उताऱ्यावर तिचे नाव बहुधा नसेच. ज्या घरात ती सून म्हणून आली, तिथे तिचे मूळ नाव लिहिलेले असे एकच ठिकाण उरे, ते म्हणजे दारावरची ती काच. उंबरठ्यावरच्या पाहुण्याचे स्वागत त्या घरातून पुसले गेलेले नाव करीत असे. स्वस्त कलाकुसर म्हणून आपण जिच्याकडे पाहत आलो, तिच्यात एवढी गोष्ट दडलेली आहे.

आता मातीच्या भिंती जाऊन सिमेंटच्या आल्या. लग्नाची नावे फलकावर छापून येतात आणि वरात परतली की फलक गुरांच्या गोठ्यावर आडोशाला जातो. घराची दुरुस्ती निघाली की जुन्या तसबिरी अडगळीत पडतात. काच फुटली म्हणून कापडही फेकले जाते. याबद्दल नुसते हळहळून उपयोग नाही. मातीच्या घरात राहणाऱ्यांनी पावसाळ्यात गळणाऱ्या माळवदाखाली काय सोसले, ते त्यांनाच ठाऊक. पक्के घर हा त्यांचा हक्क आहे.

आमचे मागणे लहान आहे. भिंत पाडण्यापूर्वी तिच्यावरची नावे आणि तिथी उतरवून घ्याव्यात. कोपऱ्यातल्या 'कु.'पुढचे नाव वाचावे, ती हयात असेल तर तिला विचारून सालासह वहीत लिहावे. वस्तुसंग्रहालयाला जे जमले नाही ते नातवंडांना एका दुपारी जमेल. घराण्याच्या वंशावळीत बहुधा पुरुषांचीच नावे सापडतात. उरलेली नावे शोधायची असतील, तर जुन्या तसबिरींचे कोपरे पाहावे लागतील.