चार वाजून अठ्ठावन्न मिनिटं

आश्विन वद्य पंचमी, शुक्रवार, ११ ऑक्टोबर १९६८. अमरावती-नागपूर रस्त्यावरचं गुरुकुंज मोझरी. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचं शरीर कर्करोगाने पोखरलं होतं. वयाची साठी भरायला अजून साडेसहा महिने होते. त्या दिवशी दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी वऱ्हाडावर जो घाव बसला, तिथपर्यंतचे तास मोजत जाऊ. दिवसाच्या प्रत्येक प्रहराला काय करायचं, हे महाराजांनी गावांना आयुष्यभर शिकवलं होतं.

पाच दिवस आधी : ६ ऑक्टोबर

आश्विन पौर्णिमा. त्या दिवशी खग्रास चंद्रग्रहण होतं. वऱ्हाडात चंद्र उगवला तोच ग्रासलेला. पुढच्या दुःखाची सांगड या ग्रहणाशी घालायचा मोह कुणालाही होईल. पण शकुन-अपशकुनाच्या भीतीतून गाव मोकळं करायचं, यासाठीच महाराज राबले. त्यांच्या मरणाचं कारण आकाशात शोधणं म्हणजे त्यांनाच खोटं पाडणं. कारण एकच होतं, आजार.

पहाटे ४.५८ : बारा तास आधी

ही रामधूनची वेळ. गावाने उजाडण्याआधी उठावं, रस्ते झाडावे, सडा-रांगोळी करावी आणि सगळ्यांनी मिळून नाम घेत गावातून फिरावं, अशी घडी महाराजांनी बसवली. त्यांच्या लेखी झाडू आणि भजन वेगळी नव्हती. पेढी नदीच्या पुलाजवळ, वलगावला २० डिसेंबर १९५६ रोजी गाडगेबाबांनी देह ठेवला, तेव्हाच या मुलखाचा एक झाडू थांबला होता. आता बारा वर्षांनी दुसरा थांबणार होता.

सकाळी ६.१२ : पावणेअकरा तास आधी

सूर्योदय. गुरुकुंजातला दिवस सामुदायिक ध्यानाने उगवतो. समोर मूर्ती नसते, अधिष्ठान असतं. कोण कुठल्या जातीचा, कुठल्या धर्माचा, हे तिथे बसताना कुणी विचारत नाही. ३० एप्रिल १९०९ ला यावलीच्या गरीब घरात जन्मलेल्या माणिक बंडोजी इंगळे या मुलाला वरखेडच्या आडकोजी महाराजांनी ‘तुकड्या’ केलं. त्या तुकड्याने १९३५ मध्ये मोझरीत हा आश्रम उभारला. त्याच वर्षी सालबर्डीच्या महारुद्र यज्ञाला लाखोंचा मेळा लोटला होता.

सकाळी ९ : आठ तास आधी

आश्विनातला वऱ्हाड म्हणजे शेतात कपाशीची बोंडं फुटलेली, ज्वारी कणसावर आलेली. शेतकरी वावरात गेलेला. या माणसापर्यंत पोचायला महाराजांनी जे साधन हाती घेतलं, ते खंजिरी. लाकडाचं एक कडं, एका बाजूला ताणलेलं चामडं, कडेच्या खाचांत पितळी चकत्या. पंजात धरून वाजवता येईल एवढंसं वाद्य. १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून ते सेवाग्रामला गेले, महिनाभर राहिले, तेव्हा हीच खंजिरी सोबत होती. १९५५ मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेतही तिचाच ठेका घुमला.

१६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, चिमूर इंग्रजांविरुद्ध पेटलं. त्या गावाच्या मनात ठिणगी पडली होती ती महाराजांच्या भजनांनी. इंग्रज सरकारला हे पुरतं कळलं होतं. २८ ऑगस्टला त्यांना चंद्रपुरात अटक झाली. आधी नागपूरचा तुरुंग, मग रायपूरचा. हातात शस्त्र नसलेल्या एका भजनकऱ्याची सत्तेला केवढी धास्ती होती, हे त्या अटकेतून दिसतं.

दुपारी १२ : पाच तास आधी

ऊन डोक्यावर. वावरातला माणूस बांधावर भाकरी सोडतो ती वेळ. त्याच्यासाठीच महाराजांनी ‘ग्रामगीता’ लिहिली. १९५५ मध्ये पूर्ण झालेल्या या ग्रंथात ४१ अध्याय आणि ४,६७५ ओव्या आहेत. ग्रंथ अर्पण केला तो ग्रामदेवतेला. मोक्षाच्या गोष्टींपेक्षा त्यात जास्त जागा आहे ती स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, स्त्रियांचा मान, सावकारी, व्यसनं आणि लग्नातल्या उधळपट्टीला. संतवाङ्मयाने आजवर माणसाला देवाकडे नेलं. ग्रामगीतेने देवालाच गावात राबायला आणलं, असं मी मानतो.

दुपारी ३ : दोन तास आधी

आश्रमासमोरून मोठा रस्ता जातो. याच रस्त्याने महाराज देशभर हिंडले. बंगालचा दुष्काळ, कोयनेचा भूकंप, १९६२ आणि १९६५ ची युद्धं. जिथे माणूस अडला, तिथे ते गेले. त्यांची समाधीही पुढे याच रस्त्यालगत झाली. एसटीच्या खिडकीतून हात जोडता येतात, इतकी जवळ.

दुपारी ४.३० : अठ्ठावीस मिनिटं आधी

ऊन कलतं. गुरं घराकडे वळायची वेळ. महाराजांनी स्थापलेल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या गावोगावच्या शाखांमध्ये थोड्याच वेळात प्रार्थनेसाठी सतरंज्या अंथरल्या जाणार. वर्षानुवर्षांचा शिरस्ता तसाच चालू आहे.

दुपारी ४.५८

महाराजांनी देह ठेवला.

सायंकाळी ५.५८ : एक तासानंतर

सूर्यास्त. सामुदायिक प्रार्थनेची वेळ. महाराजांचं सगळ्यात मोठं काम मला इथेच दिसतं. ही प्रार्थना त्यांनी अशी रचली की ती चालवायला कुणी महाराज लागू नये. भगव्या टोपीतला शेतकरी, शाळेतलं पोर, घरातली आजी, जो असेल त्याने सुरुवात करावी. म्हणून खंजिरी थांबली, तरी प्रार्थना थांबली नाही.

त्यानंतरची वर्षं सगळ्यांसमोर आहेत. ज्या आजाराने महाराजांना नेलं, त्याच्यावर उपचार करणारं रुग्णालय नागपुरात त्यांच्याच नावाने उभं आहे. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठालाही त्यांचं नाव मिळालं. आणि दरवर्षी आश्विन वद्य पंचमीला गुरुकुंजात लाखो माणसं जमतात. घड्याळात ४ वाजून ५८ मिनिटं झाली की तो अख्खा जनसागर मौन होतो. एवढ्या माणसांची ती शांतता अंगावर काटा आणते.

पण मौन सोपं आहे. ते संपल्यावर आपापल्या गावी परतून काय करायचं, हा खरा प्रश्न आहे. ज्याच्या ओव्या गावासाठी आहेत, त्याच्या समाधीला फुलं वाहून गावचा उकिरडा तसाच ठेवणं, पोरीच्या लग्नासाठी जमीन गहाण टाकणं, वस्तीवस्तीत जातीची भिंत राखणं, हा त्याचा अपमानच आहे. तेव्हा यंदा मोझरीला याल, तर ४.५८ ला जरूर उभे राहा. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ४.५८ ला आपल्या गावात झाडू हातात घ्या. जयगुरु!