स्केटिंग शिकायचंय? आधी पडायला शिका, मग पळायला

सुट्टी लागली, हातात ईदी पडली की मुलं स्केट्ससाठी हट्ट धरतात. अम्मी म्हणते, ‘हात-पाय मोडून घेशील.’ ही भीती खोटी नाही, पण त्यावर इलाज आहे. हा खेळ आता फक्त हौसेचाही राहिलेला नाही. २०२३ मध्ये चीनमधल्या हांगझोऊ इथे झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत भारताच्या महिला आणि पुरुष अशा दोन्ही संघांनी ३००० मीटर रिलेत कांस्यपदक मिळवलं. म्हणून सुरुवात कशी करावी, ते इथे सांगत आहोत.

क्वाड की इनलाइन?

क्वाडमध्ये दोन चाकं पुढे, दोन मागे असतात आणि ब्रेक पंजापुढे असतो. त्यावर उभं राहणं सोपं जातं. इनलाइनमध्ये सगळी चाकं एका रांगेत असतात आणि ब्रेक बहुधा उजव्या टाचेमागे असतो. वेग जास्त मिळतो, पण घोट्यांना ताकद लागते. दोन्ही प्रकार चांगलेच. मुलाला क्लासला घालणार असाल तर आधी कोचला विचारा, मगच दुकानात जा.

मापाच्या बाबतीत आपण एक चूक हमखास करतो. ईदचे कपडे घेतो तसे स्केट्सही वाढत्या अंगाचे घेतो. सैल बुटात घोटा वळतो आणि मुरगळतो. टाच बुटात घट्ट बसली पाहिजे. लहान मुलांसाठी माप कमी-जास्त करता येणारे स्केट्स मिळतात, ते घ्या. चांगल्या स्थितीतले वापरलेले स्केट्सही चालतात.

पैसे आधी कशावर?

बजेट कमी असेल तर स्केट्स साधे घ्या, पण हेल्मेट, मनगटाचे गार्ड, कोपराचे आणि गुडघ्याचे पॅड सोडू नका. पडताना माणूस आपोआप हात टेकतो, त्यामुळे मनगटाला सर्वांत जास्त धोका असतो. हेल्मेट कपाळावर, भुवईच्या दोन बोटं वर बसावं आणि पट्टा बांधलेला असावा. हेल्मेटला एकदा जोराचा मार बसला की ते बदलायचं.

मुली हिजाब घालून आरामात स्केटिंग करू शकतात. हेल्मेटखाली पातळ, अंगाबरोबर बसणारा स्कार्फ घ्या. टाचण्या मात्र लावू नका, पडताना टोचतात. स्कार्फची टोकं आत खोचा. ओढणी किंवा घोळदार सलवार चाकात अडकू शकते. त्याऐवजी गुडघ्यापर्यंतचा कुर्ता आणि खाली ट्रॅक पँट सोयीची पडते.

पहिले काही दिवस

१. आधी गवतावर किंवा जाड चटईवर उभं राहा. तिथे चाकं घसरत नाहीत.

२. गुडघे वाकवा, अंग किंचित पुढे झुकवा. ताठ उभं राहिलं की माणूस मागे पडतो आणि डोक्याला लागतं.

३. पडायचा सराव करा. तोल गेला की खाली बसत पुढच्या बाजूला या, आधी गुडघ्याचे पॅड टेकवा, मग हात. बोटं वर उचललेली ठेवा.

४. टाचा जवळ, पंजे बाहेर, अशी बदकासारखी छोटी पावलं टाका. मग हळूहळू पाय लांब ढकला.

५. थांबायला शिका. इनलाइनमध्ये ब्रेकवाला पाय पुढे घेऊन त्याचा पंजा उचलायचा, म्हणजे टाचेमागचा ब्रेक जमिनीला घासतो. थांबता येईपर्यंत उतारावर जायचं नाही.

रोज अर्धा तास पुरे. रिंक नसेल तर सोसायटीचं मोकळं आवार किंवा सुट्टीच्या दिवशी परवानगी घेऊन शाळेचं मैदान वापरा. रहदारीचा रस्ता, पार्किंगची जागा आणि कानात इअरफोन, तिन्ही नको.

देखभाल

पावसाळ्यात ओल्या फरशीवर चाकं घसरतात आणि बेअरिंगला गंज चढतो. भिजलेले स्केट्स पुसून वाळवा. इनलाइनची चाकं आतल्या बाजूने लवकर झिजतात, म्हणून ती अधूनमधून उलटी करून बसवा.

पडल्यावर मनगट सुजलं किंवा हात हलवता येत नसेल तर मालिश करत बसू नका, एक्स-रे काढा. डोक्याला लागल्यावर उलटी झाली किंवा गुंगी आली तर लगेच दवाखाना गाठा.

आम्ही पालकांना एवढंच सांगू, मुलगा असो वा मुलगी, ‘नको’ म्हणण्याआधी पहिले काही दिवस स्वतः मैदानात सोबत उभे राहा.